व्होल्टेज डाऊन झालं हे चिपला कळणार कसं? पंपाच्या बोर्डासाठी कोणता पर्याय घ्यावा

तासगाव तालुक्यातल्या एका द्राक्षबागेत माझा पंप कंट्रोलर बसवून तीन आठवडे झाले होते. बागायतदार आण्णांचा फोन आला, "काय ओ, लाइट गेली-आली की तुमचं सेटिंग पुसतंय बघा." जाऊन पाहिलं तर ४० मिनिटांच्या टाइमरची उरलेली वेळ २५५ मिनिटं दिसत होती. आकडा बघूनच बिघाड कळला. ईईप्रॉममध्ये (लाइट गेली तरी आकडे जपणाऱ्या चिपच्या मेमरीत) नवीन आकडा लिहिण्याआधी जुना पुसला जातो, आणि पुसलेला बाइट २५५ वाचला जातो. उरलेली वेळ दर मिनिटाला लिहून ठेवायची, असा प्रोग्रॅम मी केला होता. त्यातलं एक लिहिणं नेमकं व्होल्टेज बसताना अर्धवट राहिलं होतं.

आपल्याकडे शेतीच्या लाइनवर हे रोजचं आहे. डीपीवरच्या (गावच्या ट्रान्सफॉर्मरवरच्या) मोटारी ऑटो स्विचवर असतात, लाइट आली की सगळ्या एकदम उठतात. थेट चालू होणारी मोटार पहिल्या काही क्षणांत पूर्ण भाराच्या पाच ते सात पट करंट खेचते. त्यामुळे लाइनचं व्होल्टेज बसतं; लाइट जात नाही, पण धड राहतही नाही. लाइट पूर्ण गेली तर चिप बंद पडते, तेवढ्यावर भागतं. अर्धवट व्होल्टेजवर ती चालत राहते आणि चुकीचं चालते, धोका तिथे आहे. बोर्ड बनवणाऱ्याला म्हणून दोन वेगळी कामं करायची असतात: व्होल्टेज अपुरं असताना चिपला थांबवून ठेवायचं, आणि त्याआधी तिला सावध करायचं. बाजारातले पर्याय यातलं एकेक काम करतात. एकच पर्याय दोन्ही करील असं धरून चाललात तर माझ्यासारखी तासगावची फेरी पडते.

रीसेट पिनला (चिपला थांबवून पहिल्यापासून सुरू करणाऱ्या पायाला) १० के रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर, हा सगळ्यात स्वस्त उपाय. तो फक्त पहिल्यांदा चालू होताना उपयोगी. व्होल्टेज हळूहळू उतरलं तर कॅपॅसिटरही त्याच्याबरोबर उतरतो आणि रीसेट होतच नाही. शेतीच्या बोर्डात त्याच्या भरवशावर राहू नका.

चिपच्या पोटातला ब्राउन-आउट डिटेक्टर (व्होल्टेज ठरलेल्या टप्प्याखाली गेलं की रीसेट देणारा भाग) फुकट मिळतो, आणि बहुतेकांनी निर्णय इथूनच सुरू करावा. एटीमेगा ३२८पी या आर्डुइनो ऊनोवरच्या चिपमध्ये १.८, २.७ आणि ४.३ व्होल्ट असे तीन टप्पे आहेत, ते फ्यूज बिटांनी (चिपमधल्या कायम सेटिंगांनी) निवडायचे. आर्डुइनो ऊनो बाजारातून येतं ते २.७ वर. बोर्ड मात्र १६ मेगाहर्ट्झला चालतं. डेटाशीटप्रमाणे १० मेगाहर्ट्झला २.७ व्होल्ट पुरतात आणि २० ला ४.५ लागतात. मधली रेघ सरळ आहे, म्हणजे १६ ला साधारण ३.७८ व्होल्ट हवेत. ३.७८ ते २.७ या पट्ट्यात चिप चालू असते, पण ती बरोबर चालेल याची हमी कुणी देत नाही. आण्णांचं सेटिंग या पट्ट्यातच गेलं. एक्स्टेंडेड फ्यूज एफडीऐवजी एफसी केला की टप्पा ४.३ वर जातो. हा टप्पा चिपगणिक ४.१ ते ४.५ असा हलतो, तरी १६ मेगाहर्ट्झसाठी पुरेसा वर राहतो.

२० मेगाहर्ट्झचा क्रिस्टल लावणार असाल तर मात्र ४.३ चा टप्पा कमी पडतो. तिथे बाहेरची सुपरव्हायझर चिप (व्होल्टेजवर नजर ठेवून रीसेट देणारी) घ्या. मॅक्स ८०९ तीन पायांची असते आणि एल प्रकारात ४.६३ व्होल्टला रीसेट देते. व्होल्टेज परत चढल्यावरही ती किमान १४० मिलिसेकंद रीसेट धरून ठेवते, आणि पुरवठा १ व्होल्टपर्यंत उतरला तरी तिचा रीसेट भरवशाचा असतो. बोर्डावर दोन-तीन चिप्स एकदम रीसेट करायच्या असतील तरी हीच बरी. एक अडचण आधीच सांगतो: तिचं आउटपुट पुश-पुल आहे (पिन वरही ओढतं, खालीही), त्यामुळे प्रोग्रॅमर जोडला की रीसेट पिनवर दोघांची ओढाताण होते. ओपन-ड्रेन (फक्त खाली ओढणाऱ्या) आउटपुटची मॅक्स ८०३ घेतली की हा त्रास नाही.

एसटीएम३२एफ१०३ ही दुसरी चिप वापरणाऱ्यांचं गणित थोडं वेगळं. त्यात आतला रीसेट २ व्होल्टच्या आसपास आहे, आणि वेगळा पीव्हीडी (व्होल्टेज पाहणारा भाग) २.२ ते २.९ व्होल्टच्या दरम्यान इंटरप्ट, म्हणजे हातातलं काम थांबवून लक्ष देण्याचा इशारा, देतो. पीव्हीडी इशारा देतो, रीसेट करत नाही.

आता दुसरं काम, सावध करण्याचं. १.१ व्होल्टचा आतला रेफरन्स (स्थिर व्होल्टेज) एडीसीने, म्हणजे व्होल्टेज मोजणाऱ्या भागाने, वाचून चिप स्वतःचं व्होल्टेज मोजू शकते. त्याला एकही जादा पार्ट लागत नाही म्हणून तो मोह होतो. पण ७८०५ या ५ व्होल्ट देणाऱ्या रेग्युलेटरच्या आधीचं व्होल्टेज सुमारे ७ पर्यंत उतरल्याशिवाय पुढचे ५ व्होल्ट हलतच नाहीत. बोर्ड ५० मिलिअँपिअर घेतं आणि आधीच्या बाजूला १००० मायक्रोफॅरड आहे असं धरा. ५ पासून ४.३ पर्यंत यायला फक्त १४ मिलिसेकंद लागतात. ईईप्रॉमचा एक बाइट ३.४ मिलिसेकंद घेतो, म्हणजे जेमतेम चार बाइट.

म्हणून मोजायचं ते ७८०५ च्या आधी. ८२ के आणि १० के रेझिस्टरांचा डिव्हायडर (व्होल्टेज ठरलेल्या प्रमाणात कमी करणारी जोडी) लावला की १०.१ व्होल्टला मधल्या बिंदूवर १.१ व्होल्ट मिळतात. तो बिंदू अॅनालॉग कंपॅरेटरच्या (१.१ च्या रेफरन्सशी तुलना करणाऱ्या भागाच्या) पिनला द्या आणि इंटरप्ट घ्या. १० पासून ७ पर्यंत उतरायला ६० मिलिसेकंद मिळतात. रिलेची कॉइल त्याच पुरवठ्यावर ३० मिलिअँपिअर खात असेल तर हेच ३७ वर येतात, म्हणून इंटरप्टमध्ये पहिलं काम रिले सोडण्याचं, लिहिणं त्यानंतर. एसीचं डीसी करणाऱ्या ब्रिजनंतर दर १० मिलिसेकंदांना अर्ध्या व्होल्टचा रिपल (चढउतार) असतो, तेवढ्यावर इशारा वाजू देऊ नका. १.१ चा रेफरन्सही चिपगणिक १.० ते १.२ असतो, तेव्हा प्रत्येक बोर्ड डिमरस्टॅटवर (एसी व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर) लावून टप्पा तपासा.

डिमरस्टॅटवर एक गोष्ट दिसते ती डेटाशीट वाचून लक्षात येत नाही. कुपवाडच्या शेडमध्ये मी २३० पासून हळूहळू खाली आलो. एका जागी रिले तडतडायला लागला. रीसेट झाला की रिले सुटतो, भार कमी होतो, व्होल्टेज चढतं, चिप उठते, रिले पुन्हा ओढते आणि पुन्हा बसते. आतल्या डिटेक्टरचा हिस्टेरिसिस (बंद होण्याच्या आणि पुन्हा उठण्याच्या टप्प्यांतलं अंतर) फक्त ५० मिलिव्होल्टचा, तो इथे पुरत नाही. बाहेरच्या चिपचे १४० मिलिसेकंद तडतड मंदावतात, थांबवत नाहीत. थांबवायची तर उठल्यावर रीसेटचं कारण सांगणारं एमसीयूएसआर रजिस्टर वाचा आणि ब्राउन-आउट असेल तर काही सेकंद रिलेला हात लावू नका. काही बूटलोडर (चिप उठताना आधी चालणारे छोटे प्रोग्रॅम) ते रजिस्टर आधीच पुसतात, तेवढं बघून घ्या.

मोबाईल स्टार्टर करणाऱ्यांनी जीएसएम मॉड्यूलला वेगळा रेग्युलेटर द्यावा. बोलताना ते ५७७ मायक्रोसेकंदांच्या झटक्यात २ अँपिअरपर्यंत ओढतं. १००० मायक्रोफॅरडने एकट्याने तो झटका सोसला तर १.१५ व्होल्ट उतरतात. त्या पुरवठ्यावर चिप असेल तर कोणताही डिटेक्टर लावा, तो रीसेटच देणार.

सांगलीच्या वालचंद कॉलेजला व्हीएलएसआय (चिप डिझाइन) शिकणारं कुणी वाचत असेल तर, मोठ्या प्रोसेसरमध्ये हाच प्रश्न नॅनोसेकंदांत सोडवतात. व्होल्टेज उतरलं की गेट मंदावतात, म्हणून आत रिंग ऑसिलेटर किंवा डिले लाइन ठेवून त्यांचा वेग मोजतात आणि रीसेट न देता क्लॉक थोडा मंद करतात. पंपाच्या बोर्डाला याची गरज नाही.

आण्णांच्या बोर्डात मी फ्यूज ४.३ वर नेला, डिव्हायडर टाकला आणि दर मिनिटाचं लिहिणं बंद करून फक्त इशाऱ्यावर लिहायला लावलं. बाहेरची चिप घातली नाही, १६ मेगाहर्ट्झला तिची गरज नव्हती. ब्राउन-आउट मोजणारा काउंटरही ठेवला. छाटणीच्या वेळी पुन्हा गेलो तेव्हा काउंटर ३१ वर होता आणि टाइमर ४० मिनिटांवर.