कुठलं मॉर्खन? मेर्टन्स संस्थेच्या जुन्या मापांच्या संग्रहाबद्दल

गेली दोन वर्षं मी नेदरलँड्समधल्या लायडनजवळच्या एका अभिलेखागारात आठवड्यातून एक दिवस स्वयंसेवक म्हणून जाते. जमिनीच्या जुन्या खरेदीखतांची यादी करायची आणि शेवटच्या रकान्यात क्षेत्र हेक्टरमध्ये भरायचं, एवढंच काम. माझे बाबा भूकरमापक होते. मोजणी, हद्द, गुंठे हे शब्द ऐकतच मी मोठी झाले. म्हणून हा शेवटचा रकाना चुकलेला मला बघवत नाही.

सुरुवातीला फोनवरचं एक अ‍ॅप वापरत होते. 1790च्या आसपासच्या एका खतात कुरणाचं क्षेत्र जमिनीच्या जुन्या डच मापांत होतं: 4 मॉर्खन, 2 होंट, 50 रूडे (म्हणजे चौरस रूडे). अ‍ॅपने 3.59 हेक्टर दाखवलं, मी भरून मोकळी झाले. आमच्या गटातल्या निवृत्त शिक्षिकाबाईंनी वही पाहिली आणि विचारलं, "कुठलं मॉर्खन?" मला प्रश्नच कळला नाही. तेव्हा त्यांनी मेर्टन्स या डच भाषा-संस्कृतीच्या संशोधन संस्थेचा जुन्या डच मापांचा आणि वजनांचा संग्रह उघडून दिला. फेरहूफ यांच्या 1983च्या पुस्तकावरून तो तयार झाला आहे, आणि इंटरनेटवर फुकट पाहता येतो.

त्यात गावाच्या नावाने शोधता येतं. माझ्या लेखी ही त्याची सगळ्यात मोठी गोष्ट. रूडे म्हणजे मोजणीची काठी, आणि ही काठी गावोगाव वेगळी होती. राइनलंडची, म्हणजे लायडनच्या आसपासच्या भागातली, 12 फुटांची, लांबी सुमारे 3.767 मीटर. अ‍ॅमस्टरडॅमची 13 फुटांची, पण तिथला फूटच लहान, म्हणून काठी भरते जेमतेम 3.68 मीटर. दोन्हीकडे 600 चौरस रूड्यांचं एक मॉर्खन. काठीत नऊ सेंटिमीटरचा फरक, पण वर्ग करून 600ने गुणलं की राइनलंडचं मॉर्खन 85.16 आर (1 आर म्हणजे 100 चौरस मीटर) होतं आणि अ‍ॅमस्टरडॅमचं 81.29.

माझं कुरण राइनलंडातलं. 100 चौरस रूड्यांचा एक होंट, म्हणजे एकूण 2650 चौरस रूडे, म्हणजे 3.76 हेक्टर. अ‍ॅपने न विचारताच अ‍ॅमस्टरडॅमची काठी लावली होती. चूक 17 आरांची, आपल्याकडचे जवळपास 17 गुंठे! एवढ्या जमिनीवरून भाऊ-भाऊ कोर्टात जातात.

या संग्रहात हिशोब आपोआप होत नाही. गाव बघायचं, माप बघायचं, गुणाकार आपण करायचा. मला ते आवडतं, कारण कुठली काठी लावली हे त्यामुळे डोळ्यांसमोर राहतं. सगळं डचमध्ये आहे, पण शब्द मोजकेच आहेत, महिन्याभरात ओळखीचे होतात. झीलंडच्या खतांत खमेट येतं, फ्रीसलंडच्या खतांत पोंडमाट. पोंडमाट साधारण 36.74 आरांचं. ही मापं मॉर्खनच्या निम्म्याहूनही लहान आहेत. नाव अनोळखी वाटलं की अंदाज न करता गावाचं पान उघडायचं.

मात्र गावाइतकंच सालही बघावं लागतं, आणि इथे भलेभले फसतात. नेदरलँड्सने 1820पासून मेट्रिक मापं लागू केली, पण लोकांना सवयीची नावं तशीच ठेवली. मीटरला एल म्हटलं, 10 मीटरला रूडे, हेक्टरला बुंडर. ही नावं जवळजवळ 1870पर्यंत चालली. 1832 साली सुरू झालेल्या जमीन नोंदणीच्या पहिल्या तक्त्यांत क्षेत्र बुंडर, रूडे, एल असं लिहिलेलं असतं. तिथली चौरस रूडे म्हणजे 100 चौरस मीटर, आपला सरळ आर. ते तक्ते मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा सातबारा आठवला: हेक्टर, आर, चौरस मीटर. दोनशे किलोमीटरवरच्या गावाचं पान असो, रकाने ओळखीचे.

आता 1835च्या नोंदीतल्या "3 बुंडर 76 रूडे" मधल्या रूड्यांना कुणी जुनी राइनलंडची काठी लावली, तर 7600 चौरस मीटरचे 1079 होतात. माझ्या आधीच्या एका यादीत अशा अकरा ओळी सापडल्या. मेर्टन्सचा संग्रह 1820पूर्वीच्या मापांसाठी आहे. म्हणून खताची तारीख आधी वाचायची. 1820नंतरची असेल आणि क्षेत्र बुंडरमध्ये दिलेलं असेल तर संग्रह उघडायची गरजच नाही, नुसतं दशांश चिन्ह योग्य जागी द्यायचं.

वंशावळ शोधणारे, जुने नकाशे जमवणारे, डच कागदपत्रांवर काम करणारे विद्यार्थी, सगळ्यांनी आधी इथे यावं. अ‍ॅप मी काढून टाकलं आहे. त्या अकरा ओळी दुरुस्त करून झाल्या, आणि यादीत आता एक जास्तीचा रकाना आहे. प्रत्येक क्षेत्रापुढे मी काठी आणि काळ पेन्सिलने लिहिते, जसं त्या कुरणापुढे: राइनलंड, 1820पूर्वी.