लॉन काढून पिंटो पीनट आणि जलपिंपळी लावली: वर्षभराहून जास्त वापरल्यानंतरचा अनुभव (लव्हाळ्यासकट)

आमच्याकडचं लॉन गेलं ते पाण्यामुळे आणि लव्हाळा या चिवट तणामुळे, त्यातही जास्त लव्हाळ्यामुळे. आम्ही पुण्याच्या पूर्व बाजूला राहतो, फेब्रुवारी लागला की सोसायटीत टँकर सुरू. घरासमोरची मोकळी जागा 400 स्क्वेअर फूट, म्हणजे साधारण 37 चौरस मीटर. एप्रिल-मेमध्ये लॉन हिरवं ठेवायचं तर चौरस मीटरला रोज 5 लिटर तरी धरा, म्हणजे रोज पावणेदोनशे-दोनशे लिटर नुसतं गवताला, महिन्याला 10,000 लिटरच्या टँकरमधला अर्ध्याहून जास्त भाग. घरात भांडी घासताना नळ बारीक कर म्हणायचं आणि बाहेर गवतावर पाईप सोडून ठेवायचा, हे मला सहन होत नव्हतं.

आता लव्हाळा. नर्सरीवाल्याने जे लॉनचे कार्पेट आणून अंथरले त्यातूनच तो आला, हे मी ठामपणे सांगतो, कारण उरलेला एक तुकडा गच्चीवर ट्रेमध्ये ठेवला होता आणि त्यातही तो वर आला. फोन केला तर "साहेब, तुमच्या मातीतच असणार". पैसे परत नाहीत, माणूस पाठवला नाही. वर "वीड मॅट (तण अडवायची चटई) टाका, गॅरंटी आहे" म्हणून तीही विकली. लव्हाळ्याचा कोंब सुईसारखा टोकदार असतो, तो ती मॅट भोकं पाडून वर आला. उपटायला जावं तर वरची पात हातात येते आणि खाली काळ्या गाठी तशाच राहतात, एका गाठीतून तारेसारखी मुळी पुढे, तिला दुसरी गाठ, तिच्यापुढे तिसरी. खुरप्याने खणून काढलं की हाताला नागरमोथ्याचा वास येतो, कारण लव्हाळा म्हणजेच नागरमोथा. त्यामुळे लॉनऐवजी काय लावायचं हे मी "लव्हाळ्याचं काय होणार" या एकाच प्रश्नावर ठरवलं आणि अजूनही तेच पहिलं विचारतो.

अर्ध्या भागात पिंटो पीनट, म्हणजे भुईमुगाच्या कुळातलं, जमिनीवर पसरणारं शोभेचं झाड, लावलं, 15 रुपयाला पिशवी, फुटाला दोन, म्हणजे 6,000 रुपये नुसती रोपं. उरलेल्या अर्ध्यात जलपिंपळी, तिला एक रुपयाही पडला नाही, दौंडकडे मामांच्या शेताजवळ पाटाच्या कडेला ती पसरलेली असते, तिथून पोतंभर वेल आणले आणि जूनमध्ये वीतभर तुकडे करून खोचले. तिला प्रत्येक पेराला मुळं फुटतात त्यामुळे तुकडा जगतोच. जपानमध्ये हिच्यावरच काम करून कुरापिया नावाची जात काढली, ती लॉनऐवजी लावायला विकतात. आपल्याकडे ती ओढ्याकाठी पायाखाली येते म्हणून कोणी ढुंकून बघत नाही.

पहिल्या दिवाळीपर्यंत माझं मत एकदम जलपिंपळीच्या बाजूने होतं. जमिनीला चिकटून वाढते, चाललं तरी चालतं, मशीन न फिरवता बोटभरच उंच. पीनटने मात्र निराश केलं, पानं पिवळी पडली, शिरा हिरव्या आणि मधला भाग लिंबासारखा. मूळ ब्राझीलचं झाड, आम्लधर्मी मातीत सुखी, आणि आमची काळी चुनखडीची माती, त्यातलं लोह त्याला मिळत नाही. शेतातल्या भुईमुगाला आपल्याकडे हेच होतं. मामांनी सांगितलं तसं हिराकस (फेरस सल्फेट) लिटरला 5 ग्रॅम, वर थोडा लिंबाचा रस, संध्याकाळी फवारलं, आठवड्याभरात नवीन पानं हिरवी आली. पण हे पुन्हा पुन्हा करावं लागतं आणि "नो मेंटेनन्स" म्हणून 6,000 घेतलेल्या रोपांना फवारणी करत बसणं मला अजिबात आवडलं नाही.

मे महिन्यात जलपिंपळीला आठवड्यातून दोनदा पाणी दिलं, पानं जरा बारीक आणि तांबूस झाली पण मेली नाही. पीनटला सावलीत तेवढंच पुरलं, उन्हातलं मात्र कोमेजलं. शेजाऱ्यांनी प्लॅस्टिकचं गवत टाकलंय, त्यावर दुपारी अनवाणी पाय टेकवता येत नाही, तो विषय मी तिथेच सोडला.

मग दुसरा पावसाळा आला आणि माझं मत फिरलं. जलपिंपळी पातळ आणि बुटकी, तिच्यातून लव्हाळा सरळ वर आला, भरपूर. पीनटमध्ये मात्र अगदी तुरळक. कारण साधं आहे, लव्हाळ्याला सावली सोसत नाही आणि पीनटचा पाला एकदा दाट होऊन एकमेकांना भिडला की जमिनीवर ऊन पोचतच नाही. आंब्याखाली, जिथे आम्ही लाल माती भरली होती, तिथे तर पीनट गडद हिरवं, पिवळ्या फुलांनी भरलेलं आणि लव्हाळा शून्य. ज्या रोपांवर मी वर्षभर चिडलो होतो त्यांनीच हे काम केलं, हे मान्य करायलाच हवं.

एक गोष्ट लावायच्या आधी नक्की लक्षात घ्या, मला कोणी सांगितली नव्हती. लॉनमध्ये लव्हाळा आला तर सेम्प्रा हे तणनाशक मारता येतं, ऊसवाले मारतात तेच, गवताला धक्का लागत नाही. पीनट आणि जलपिंपळी दोन्ही रुंद पानांची, त्यांच्यावर ते मारायचं नाही. म्हणजे लॉन काढलं की औषधाचा रस्ता बंद, पुढे फक्त खुरपं. म्हणून जमीन लावणीच्या आधीच साफ हवी. एप्रिलमध्ये फूटभर खणून ढेकळं उलटी करून ठेवायची, पाणी अजिबात द्यायचं नाही, दर आठवड्याला पुन्हा उलटायची, उन्हात गाठी वाळतात. सगळ्या मरत नाहीत पण खूपच कमी होतात.

जलपिंपळीवर फुलोरी माश्या (छोट्या मधमाश्या) खूप येतात, तिची फुलं म्हणजे छोट्या बोंडाभोवती पांढऱ्या-गुलाबी फुलांचं कडं. माझ्या पुतणीला अनवाणी पळताना एकदा चावली. लहान मुलं असतील तर महिन्यातून एकदा वरून मशीन फिरवा, फुलं जातात, लव्हाळ्याची पातही कापली जाते. मला स्वतःला त्या माश्या हव्याशा वाटतात, म्हणून मागची बाजू तशीच ठेवलीय.

सध्याची व्यवस्था अशी: आंब्याखाली आणि कंपाउंडच्या कडेने पीनट, चालायच्या मोकळ्या जागेत जलपिंपळी. काळ्या मातीत उन्हातलं पीनट काढून टाकतोय, तिथे जलपिंपळीचेच तुकडे जाणार. गेटजवळ जुन्या लॉनची एक पट्टी अजून आहे, ती येत्या एप्रिलमध्ये खणायची. त्यासाठी माळी 1,500 मागतोय, मी 1,000 वर अडून बसलोय.