सोसायटीच्या बोलण्यासाठी व्हॉट्सॲप कम्युनिटी: दोन वर्षांच्या वापरानंतर

ठाण्यात मानपाड्याला आमच्या गृहसंकुलात चार इमारती आणि २१२ सदनिका आहेत. दोन वर्षांपूर्वीपर्यंत या सगळ्यांचा मिळून एकच ग्रुप होता आणि पाण्याची सूचना, वाढदिवसाच्या शुभेच्छा, हरवलेल्या छत्रीची चौकशी आणि पार्किंगवरची खडाजंगी हे सारे त्यात एकामागोमाग येत असे. तो बंद करून आम्ही व्हॉट्सॲपच्याच ‘कम्युनिटी’ या सोयीकडे वळलो आणि समितीची सचिव म्हणून तेव्हापासून ती मीच सांभाळते आहे. ही सोय वापरायला सोपी आहे की नाही, यावर पुष्कळांनी लिहिले आहे. शेजारी शेजारी राहणारी माणसे या जागी एकमेकांशी नीट बोलू शकतात का, एवढेच मला येथे तपासायचे आहे.

कम्युनिटीची घोषणा एप्रिल २०२२ मध्ये झाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरपासून ती सर्वत्र मिळू लागली. तिच्यात घोषणांसाठी एक वेगळा ग्रुप असतो, ज्यात फक्त ॲडमिन लिहू शकतात, आणि त्याच्या जोडीला आपल्या गरजेप्रमाणे इतर ग्रुप बांधता येतात. आम्ही प्रत्येक इमारतीचा एक, पाणी व दुरुस्तीचा एक आणि गप्पांचा एक असे सहा ग्रुप केले. घोषणांच्या ग्रुपमध्ये सदस्यांचे मोबाइल क्रमांक एकमेकांपासून झाकलेले राहतात, ही गोष्ट आमच्याकडच्या एकट्या राहणाऱ्या महिलांना फार महत्त्वाची वाटली आणि मलाही ती या सोयीची सर्वांत सभ्य बाजू वाटते.

विभागणीचा गुण पहिल्याच महिन्यात दिसला. पूर्वी कोणाच्या घरी दुःखद घटना घडली की ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चे साठ-सत्तर मेसेज येत, त्यांच्यामध्येच कोणीतरी लिफ्ट बंद असल्याचे लिही, आणि ज्यांच्या घरी माणूस गेले आहे त्यांना ते वाचावे लागे. आता निधनाची वार्ता घोषणांमध्ये जाते आणि लोक खाली हात जोडल्याचे चिन्ह उमटवतात. मेसेजवर असे चिन्ह देण्याची सोय २०२२ मध्येच आली, आणि पहिल्या सहा चिन्हांत जोडलेले हात होते, हे आपल्या लोकांच्या दृष्टीने फार बरे झाले.

मात्र खरी परीक्षा गेल्या मे महिन्यात झाली. पाण्याचे टँकर वाढले होते, त्यांचा खर्च वाढला होता आणि माणसे चिडलेली होती. एका रात्री अकराच्या सुमारास ‘पाणी व दुरुस्ती’च्या ग्रुपवर मेंटेनन्सच्या थकबाकीच्या यादीचा फोटो आला. सात सदनिकांवर पिवळा मार्कर ओढलेला होता आणि खाली लिहिले होते, “काही लोक फुकटचे पाणी पितात. सुज्ञांस अधिक सांगणे न लगे.” त्या सातांपैकी एक सदनिका एका निवृत्त शिक्षिकेची होती. त्यांचा धनादेश दहा दिवसांपूर्वीच जमा झालेला होता आणि त्याची नोंद करणे आमच्याच कार्यालयात राहून गेले होते.

मी ॲडमिनचा अधिकार वापरून तो फोटो सर्वांसाठी काढून टाकला. त्या जागी ॲडमिनने, म्हणजे मी, मेसेज काढल्याची ओळ माझ्या नावासह दिसू लागली आणि दहाच मिनिटांत वाद थकबाकीवरून माझ्यावर सरकला. समिती सत्य दडपते आहे का, असे तिघांनी विचारले. नाव दाखवण्याची ही पद्धत मला तेव्हा टोचली, पण आज ती योग्य वाटते, कारण ज्याच्या हातात दुसऱ्याचे बोलणे पुसण्याचा अधिकार आहे त्याने तो आडून वापरू नये. माझे चुकले ते इतकेच, की पुसण्याआधी मी फोन करायला हवा होता. यादी टाकणाऱ्या काकांना मी रात्रीच फोन करून नोंदीची हकिगत सांगितली आणि सकाळी सहा वाजता त्यांनी त्याच ग्रुपवर लिहिले, “बाई, काल मी खातरजमा न करता यादी टाकली. तुमचे पैसे वेळेवर भरलेले आहेत. क्षमा असावी.” बाईंचे उत्तर आले, “पावती कार्यालयात दाखवली आहे. संध्याकाळी चहाला या.” मी त्या ग्रुपवर या दोन मेसेजना तारांकित करून ठेवले आहे.

त्या रात्रीनंतर आम्ही ग्रुपच्या माहितीत एक नियम लिहिला, जो इतर सगळ्या नियमांपेक्षा जास्त उपयोगी पडला: ‘काही लोक’, ‘काही जण’, ‘ज्याचे त्याला कळेल’ असे लिहायचे नाही. नाव न घेता मारलेला टोमणा शंभर घरांत जातो आणि पन्नास घरांना तो आपल्यालाच मारलेला वाटतो. तक्रार असेल तर काय झाले, कोठे झाले आणि केव्हा झाले ते लिहावे: “बी इमारतीच्या जिन्यासमोर सकाळपासून दोन दुचाकी उभ्या आहेत, रुग्णवाहिका आल्यास अडचण होईल.” असे लिहिले की गाडीचा मालक मुकाट्याने खाली येतो आणि कोणाच्या स्वाभिमानाला धक्का लागत नाही.

चूक दुरुस्त करायला हे साधन पुरेशी संधी देते. आपला मेसेज सर्वांसाठी काढून घ्यायला दोन दिवसांहून थोडा अधिक वेळ असतो आणि पाठवलेल्या मेसेजमधले शब्द बदलायला १५ मिनिटे मिळतात; बदल केल्याची खूण राहते, जुने शब्द मात्र दिसत नाहीत. ग्रुपमधल्या मेसेजला खासगीत उत्तर देण्याची जी सोय आहे, ती आमच्याकडे सर्वांत कमी लोकांना ठाऊक होती. कान उपटायचा असेल तर तेथे उपटावा, आणि कौतुक करायचे असेल तर चारचौघांत करावे, हे मी प्रत्येक नव्या रहिवाशाला भेटल्यावर सांगते.

गेल्या वर्षी एक भाडेकरू तरुणी ग्रुप सोडून गेली. २०२२ पासून ग्रुप सोडल्याची सूचना फक्त ॲडमिनला जाते, त्यामुळे मलाच ते कळले. विचारले तेव्हा ती म्हणाली, “ताई, मी पाण्याच्या वेळेबद्दल विचारलं, तर ‘भाडेकरूंनी मत देऊ नये’ असं उत्तर आलं.” सर्वसाधारण सभेत मत सभासदांचे असते हे खरे, पण नळ कोरडा पडला की तो भाडेकरूच्या घरीही कोरडाच असतो. आम्ही तिला परत घेतले आणि त्या सभासदांना भेटून सांगितले, मेसेजवर नाही.

ॲडमिन व्हायला लोक घाबरतात, त्याचे कारण आपल्या भागात समजण्यासारखे आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये, पालघर अजून ठाणे जिल्ह्यात असताना, फेसबुकवरच्या एका मजकुरावरून तेथे दोन तरुणींना अटक झाली होती. त्या वेळी लावले गेलेले माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ अ सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केले, आणि सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी ॲडमिनला केवळ तो ॲडमिन आहे म्हणून जबाबदार धरता येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितले. तेव्हा कोणी शहाणा माणूस पुढे येत असेल तर त्याला मागे खेचू नये.

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. वाद पेटला की मी ग्रुप तात्पुरता फक्त ॲडमिनपुरता ठेवते आणि सकाळी उघडते. हे काम कोणीतरी जागे राहून, डोके शांत ठेवून हाताने करावे लागते. वार्षिक सभेची १४ दिवसांची लेखी सूचना ग्रुपवर टाकून भागवू नये, ज्येष्ठांच्या दारापर्यंत कागद जायलाच हवा. पन्नासपेक्षा कमी घरांच्या सोसायटीला इतके ग्रुप जड होतील, तिला एक सूचनांचा आणि एक बोलण्याचा ग्रुप पुरे.

मी या सोयीला पाचपैकी चार गुण देते. येत्या महिन्यात आमची नवी समिती येते आहे. हिशेबाच्या वह्या, शिक्का, किल्ल्यांचा जुडगा आणि इतिवृत्ताची वही यांच्या यादीत या वेळी मी ‘ॲडमिनपद’ असा पाचवा आयटम लिहिला आहे आणि त्याच्यापुढे नव्या सचिवांची सही घेणार आहे.