फेरी, समिती की फॉर्म? फाउंड्रीच्या मालकांसाठी

कोल्हापूरजवळच्या शिरोलीतल्या एखाद्या फाउंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) रिजेक्शन, म्हणजे नापास माल, वाढलं की केबिनमधलं निदान ठरलेलं: मोल्डिंगवाले (वाळूचे साचे करणारे) वाळूत वरून पाणी मारतात, सांगून ऐकत नाहीत. खाली विचारलं तर कळतं, दुपारनंतर परतीची (एकदा वापरून पुन्हा फिरवलेली) वाळू गरमच येते. मिक्सरमधून निघाल्यावर ओलावा उडून जातो, साच्याच्या कडेला बोट लावलं तरी ती झडते. म्हणून पोरं पाणी मारतात आणि कास्टिंगला (ओतलेल्या भागाला) ब्लो होल, म्हणजे वायूची छिद्रं, पडतात. लॅबचा रिपोर्ट सकाळच्या सॅम्पलचा, त्यामुळं तो ओके! साहेबांचंही खरं, पोरांचंही खरं. फक्त एकाचं दुसऱ्यापर्यंत पोचत नाही.

ते पोचवायचे तीन मार्ग सर्रास सुचवले जातात: मालकाची शॉपफ्लोअरवरची फेरी, मालक-कामगारांची समिती आणि निनावी फॉर्म. त्यातला निनावी फॉर्म सगळ्यात स्वस्त आणि लहान कारखान्यात जवळजवळ बिनकामाचा. कोअर शॉपला (साच्यातले गाभे बनवतात तिथं) आठ माणसं असली तर नाव नसलं तरी कुणी लिहिलंय ते सुपरवायझर ओळखतो. फेटलिंगला (कास्टिंग घासून साफ करायला) बिहार-ओडिशाची मुलं असतील तर मराठी फॉर्म त्यांनी वाचायचा कसा? कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतल्या मोठ्या कंपनीला कल समजायला तो ठीक आहे, तोही हिंदीत छापून.

खरी निवड फेरी आणि समितीत आहे.

टोयोटाच्या ताइची ओनोंबद्दल सांगतात, की ते इंजिनिअरला शॉपफ्लोअरवर खडूनं काढलेल्या वर्तुळात तासन्‌तास उभं करत, नुसतं बघायला. आपल्याकडच्या फेरीत नेमकं हेच होत नाही. मालक येणार म्हटलं की आधी झाडलोट होते, सोबत मॅनेजर, मागं सुपरवायझर, आणि ‘काय अडचण?’ या प्रश्नाला ‘काय नाही साहेब, ब्येस चाललंय’ हे उत्तर. अशी फेरी न केलेली बरी. दुपारी तीनला किंवा रात्रपाळीला, एकट्यानं जा आणि एकाच मशीनपाशी थांबा. अडचण विचारू नका. ‘हे पाणी आत्ता का मारलंस?’ असं विचारा. एक धोका आहे: आपल्याला डावललं असं सुपरवायझरला वाटतं आणि साहेब गेल्यावर पोराचं काही खरं नसतं. म्हणून उपाय काय ठरला ते सुपरवायझरच्याच तोंडून खाली जाऊ द्या.

समितीचं बळ कायद्यात आहे. २० किंवा जास्त कामगार असतील तर औद्योगिक संबंध संहितेनुसार तक्रार निवारण समिती हवीच. दोन्ही बाजूंचे सदस्य समसमान, निकाल ३० दिवसांत. १०० वा जास्त कामगार असतील तर सरकार कार्य समितीही (मालक-कामगारांची संयुक्त) नेमायला लावू शकतं. कार्य समितीची ही तरतूद १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यापासूनची. पगार, ओव्हरटाइम, पाळीची अदलाबदल हे विषय इथंच सुटतात, कारण इतिवृत्तात लिहिलेलं सहसा नाकारता येत नाही. पण गरम वाळूसारखी गोष्ट बैठकीच्या तारखेपर्यंत शिळी होते. शिवाय खुर्चीवर अनेकदा कायम कामगारच बसतात. ठेकेदाराच्या मस्टरवरचं फेटलिंग बाहेरच राहतं.

माणसं पन्नास-साठ असतील तर समिती कायद्यापुरती नीट ठेवा आणि जोर फेरीवर द्या. दोनशेच्या पुढं मालक सगळीकडे पुरत नाही. तिथं समिती आधी भक्कम करा, फेटलिंगच्या पोरांना निमंत्रित म्हणून का होईना बसवा. आणि फेरीत पगाराचा विषय निघाला तर जागेवर शब्द देऊ नका, तो समितीकडेच पाठवा.