आठ महिने रेकॉर्ड प्लेअर वापरल्यावर: सोलापूरचा उन्हाळा, दोनशे रुपयांच्या तबकड्या आणि न वाजलेली बाजू

दिवाळीत घेतलेल्या रेकॉर्ड प्लेअरला आषाढीला आठ महिने झाले. खोकं उघडल्याच्या दुसऱ्या दिवशी लिहिलेल्या कौतुकावर माझा फारसा विश्वास नाही, म्हणून थांबलो होतो. मधे सोलापूरचा उन्हाळा जायला हवा होता. तो गेला.

कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. याच घाटाची चार-पाच यंत्रं वेगवेगळ्या नावांनी मिळतात आणि तक्रारी सगळ्यांच्या सारख्याच ऐकू येतात. माझं यंत्र बेल्टवर चालणारं आहे. मिनिटाला ३३, ४५ आणि ७८ फेरे असे तिन्ही वेग, मॅग्नेटिक कार्ट्रिज (सुई बसवलेला, तिची थरथर विजेत बदलणारा भाग), आर्मच्या मागे फिरवायचं वजन, आत प्रीअँप (तो बारीक सिग्नल मोठा करणारा). ब्लूटूथ आहे, ते एकदा लावून बघितलं, पुन्हा नाही. सुटकेससारखे दिसणारे स्वस्त प्लेअर मात्र घेऊ नका. त्यांची सिरॅमिक कार्ट्रिज पाच-सहा ग्रॅम वजन टाकत खोबणीतून फिरते. मी दोन ग्रॅमवर वाजवतो.

खरेदी केली ती ७८च्या, म्हणजे ७८च्या वेगानं वाजणाऱ्या जुन्या लाखेच्या तबकड्यांच्या हव्यासापोटी. आपल्याकडच्या जुन्या बाजारात रेकॉर्डचं खोकं उचकलं की गावाची सगळी वस्ती हाताला लागते: मराठी नाट्यपदं, कन्नड भक्तिगीतं, तेलुगू सिनेमाची गाणी, मधेच एखादी उर्दू कव्वाली. कव्हर एकालाही नाही. भंगारवाल्या मामांना मी विचारलं, "चालू आहेत का?" ते म्हणाले, "मी काय वाजवून बघतो का? घेऊन टाका की, दोनशेला पाच." घेतल्या.

घरी आल्यावर पहिला धडा मिळाला. यंत्रावर ७८चं बटण आहे, पण ७८ची सुई सोबत नाही. लाखेच्या तबकडीची खोबण एलपीपेक्षा, म्हणजे ३३च्या वेगाच्या व्हायनल तबकडीपेक्षा, कितीतरी रुंद. एलपीची बारीक सुई तिच्या तळाशी जाऊन बसते आणि गाण्याऐवजी तिथला कचरा वाजवते. रुंद टोकाची सुई वेगळी मागवावी लागली आणि त्यात तीन आठवडे गेले. या निमित्तानं एक गोष्ट आठवली. १९७७ साली व्हॉयेजर या अंतराळयानांवर जी सोनेरी तबकडी पाठवली, तिच्यासोबत वाजवायची सुई आणि कार्ट्रिजसुद्धा दिली होती. नासानं परग्रहावरच्या गिऱ्हाइकाचा विचार केला, माझ्या कंपनीनं सोलापूरच्या केला नाही. त्याच तबकडीवर गायिका केसरबाई केरकरांची 'जात कहाँ हो' ही भैरवी आहे, जेमतेम साडेतीन मिनिटांची. केसरबाई गेल्या त्याच वर्षी १६ सप्टेंबरला, व्हॉयेजर-१ सुटल्यानंतर अकराव्या दिवशी. ती भैरवी अंतराळात पोचली, आमच्या बाजारातल्या खोक्यात काही अजून आलेली नाही. मी बघत असतो.

दुसरा धडा माझ्या मूर्खपणाचा. एलपी स्पिरिटनं पुसलेली चालते, म्हणून एक ७८ही पुसली. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, हे सुताराच्या पोरालाही ठाऊक असतं, तो त्यातूनच पॉलिश बनवतो. मला आठवलं ते तबकडी चिकट आणि आंधळी झाल्यावर. आता बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड वॉटर, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब आणि मऊ कापड. नळाचं पाणी नको, आपल्या पाण्यातले क्षार खोबणीत वाळून बसतात. शिवाय ते येतं चार-पाच दिवसांआड, रेकॉर्ड धुवायला काढलं तर घरात भांडण होईल.

आमचं घर पूर्व भागात, पलीकडच्या गल्लीत पॉवरलूम. लूमची खटखट कानाला सवयीची झालीय, पण प्लेअरला नव्हती. जमिनीतून येणारी थरथर सुईपर्यंत पोचायची आणि गाण्याखाली घुमल्यासारखा आवाज यायचा. यूट्यूबवर महागडे रबरी पाय सुचवतात. मी घडी घातलेली जुनी चादर, तिच्यावर शहाबादी फरशीचा तुकडा आणि त्यावर प्लेअर असं केलं. घुमणं जवळपास गेलं. हवेतल्या सुताच्या तुसाला मात्र उपाय नाही. दर बाजूनंतर सुईच्या टोकाला कापसाची दाढी आलेली असते, ती मऊ कुंचल्यानं मागून पुढे झाडायची.

आता वेग. शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्यांनी हा परिच्छेद सोडू नये. सिनेमाचं गाणं दोन टक्के जलद फिरलं तर कुणाला कळत नाही. इथे गायक षड्जावर ठाण मांडून बसतो आणि तो षड्ज थरथरला की मोटारीची लबाडी उघडी पडते. मी हार्मोनियम घेऊन बसलो तर एका एलपीचा सा ना काळी एक, ना पांढरी दोन, दोन्हींच्या मधेच लोंबकळत होता. मग कागदावरची स्ट्रोब चकती छापून घेतली. आपल्या वीजपुरवठ्याच्या ५० हर्ट्झला ७८साठी ७७ रेघा आणि ३३साठी १८० रेघा लागतात. चकती फिरत असताना रेघा जागच्या जागी उभ्या दिसल्या तर वेग बरोबर, पुढे सरकल्या तर जास्त. यासाठी जुनी चोकवाली ट्यूबलाइट हवी, ती विजेच्या लयीत लुकलुकते. माझ्या एलईडीखाली नुसता धूर दिसला, शेवटी माळ्यावरची जुनी पट्टी काढून लावली. यंत्राच्या पोटाला बारीक छिद्रं आहेत, त्यांत स्क्रूड्रायव्हर घालून वेग जुळवला. माहितीपुस्तिकेत या छिद्रांचा उल्लेखही नाही.

इतकं करूनही जुन्या ७८चा प्रश्न उरतोच, कारण सुरुवातीच्या काळात त्या सगळ्या ७८वर मुद्रित झालेल्याच नव्हत्या. कुणी ७४, कुणी ८०. अब्दुल करीम खाँसाहेबांची 'पिया बिन नाही आवत चैन' मला त्याच दोनशेच्या गठ्ठ्यात मिळाली, कडेला चिरलेली, पण वाजणारी. झिंझोटीतली हीच ठुमरी लहानपणी रेकॉर्डवर ऐकून भीमसेन जोशींना वेड लागलं आणि १९३३मध्ये अकरा वर्षांचा तो मुलगा गुरूच्या शोधात घराबाहेर पडला. तो आवाज मुळात किती उंच होता आणि यंत्र त्याला किती चढवतं, हे मी ट्यूबलाइट लावूनही ठरवू शकलेलो नाही. थोडा वेग कमी केला की आवाज माणसाचा वाटतो, वाढवला की दूरच्या कुणाचा. मी दोन्ही ऐकतो.

एप्रिल-मेमध्ये पारा ४३च्या वर गेला आणि दोन अपघात झाले. खिडकीशी उभी ठेवलेली एक एलपी कडक भाकरीसारखी वाकडी झाली. सोलापूरकराला याहून जास्त सांगायला नको. दुसरा, बेल्ट सैल पडला आणि प्रत्येक तान उतारावरून घसरायला लागली. सर्व्हिस सेंटरनं यंत्र पुण्याला पाठवा म्हणून सांगितलं. एका टेप रेकॉर्डर मेकॅनिकनं युक्ती सांगितली: बेल्ट गरम पाण्यात दोन मिनिटं बुडवा, आवळतो. आवळला, महिनाभर चालला, तेवढ्यात नवा आला. तुम्ही घेतानाच एक बेल्ट जादा घेऊन ठेवा.

प्रीअँपची गुणगुण हा जुन्या घराचा दोष की यंत्राचा, यावर वाद घालत बसलो नाही. अर्थिंग नीट करून घेतलं, निम्मी गेली.

एवढा खटाटोप दुर्मीळ रेकॉर्डसाठी केला आणि सगळ्यात जास्त वाजलेली निघाली ती घरातलीच, एकदम सर्रास मिळणारी: 'कॉल ऑफ द व्हॅली'. १९६७ची. शिवकुमार शर्मांचा संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काबरांची गिटार, तबल्यावर माणिकराव पोपटकर. काश्मीरच्या खोऱ्यातल्या मेंढपाळाचा एक दिवस, पहाटेपासून रात्रीपर्यंत. अण्णा गिरणीत कारकून होते तेव्हा घेतलेली ही एलपी. मला वाटायचं मला ती पाठ आहे. अहिर भैरव सुरू झाला की मी पुढचा सूर ओठात आणतो.

तबकडी धुताना दिव्याखाली धरली. पहिली बाजू राखाडी पडलेली, बारीक ओरखड्यांनी भरलेली. दुसरी नव्यासारखी काळीशार. वाजवली तर भूप, देस, पहाडी, आणि मला त्यातलं काहीच ओळखीचं नव्हतं. पन्नास वर्षं घरात असलेली रेकॉर्ड मी अर्धीच ऐकली होती.

"अण्णा, तुम्ही ही बाजू लावलीच नाही कधी?"

"ती संध्याकाळची बाजू रे. सकाळी भोंग्याच्या आधी पहिली व्हायची वाजवून. संध्याकाळी मी कुठं घरी असायचो?"

मोबाइलवर हाच अल्बम माझ्याकडे दहा वर्षं आहे. तिथेही मी पहिल्या दोन रागांनंतर दुसरीकडे उडी मारत आलो, हे या यंत्रामुळे लक्षात आलं. इथे उडी मारायला उठून आर्म उचलावा लागतो आणि कंटाळा आड येतो. त्या कंटाळ्यापायी देस पुरा ऐकला, नंतर पहाडी. देसमध्ये बासरी येते तेव्हा बाहेर पावसाची नुसती गुर्मी होती, थेंब नव्हता. सोलापुरात असंच असतं.

घ्यावा का? वीस हजारांच्या आत, अंगमेहनतीची तयारी असेल तर घ्या. नुसती गाणी ऐकायची असतील तर फोन बरा. पण एक मोठी खोट राहिली: याला ऑटो-स्टॉप नाही. परवा रात्री जेवणं झाल्यावर अण्णांना दुसरी बाजू लावून दिली आणि मी खाली दूध आणायला गेलो. चौकात कुणीतरी भेटलं. परत आलो तेव्हा अण्णा खुर्चीत झोपले होते, पहाडी कधीच संपली होती आणि सुई शेवटच्या खोबणीत टक् टक् करत फिरत होती. पाऊण तास तरी फिरली असेल. पुढचा घेतला तर आपोआप थांबणारा घेईन.