राजदूत ३५०: चिमट्याला गनमेटलचे बुश घालून एक पावसाळा काढल्यावर

राजदूत ३५० ऐंशीच्या वर गेली आणि लांब वळणात तिने शेपूट हलवलं, की बहुतेक जण आधी टायर बदलतात. मग शॉक, मग कोनसेट (हँडलच्या दांड्याची बेअरिंगं). चिमटा, म्हणजे मागचं चाक धरणारा आणि फ्रेमला बिजागरीसारखा जोडलेला भाग (स्विंगआर्म). त्याच्या सांध्यातल्या बुशांची, म्हणजे आत दाबून बसवलेल्या गोल कड्यांची, पाळी सगळ्यात शेवटी येते, कारण तिथपर्यंत पोचायला गाडीचा मागचा सगळा भाग उतरवावा लागतो. माझ्या मते क्रम उलटा हवा. चाळिशीला आलेल्या गाडीचं काम काढलंत, तर चिमटा आधी उघडा. आणि उघडलात तर नुसते बुश बदलून बंद करू नका, बुशांच्या आत फिरणारी, सांध्याच्या बोल्टवर चढणारी नळीही नवी घाला. गेल्या दिवाळीच्या सुमारास हे काम केलं, त्यानंतर हिवाळा, उन्हाळा आणि गगनबावड्याचा अख्खा पावसाळा गाडी वापरली, म्हणून आता खात्रीने लिहितोय.

ही गाडी एस्कॉर्ट्सने यामाहाच्या आरडी ३५० वरून १९८३ ते १९८९ या काळात बनवली. माझी लो टॉर्क, म्हणजे कमी ताकदीची आवृत्ती आहे. यामाहाने मूळ चिमट्यात प्लास्टिकचे बुश दिले होते. ते हलके, स्वस्त आणि ग्रीस कमी पडलं तरी आवाज न करणारे. पण ३४७ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन पॉवर बँडमध्ये (ताकद एकदम वाढते त्या वेगात) शिरतं तेव्हा चेनला जो हिसका बसतो, तो थेट या बुशांवर येतो. चेन डावीकडे, म्हणून डावा बुश जास्त खातो. माझ्या गाडीतून निघालेला डावा बुश उघड्या डोळ्यांना अंडाकृती दिसत होता. उजवा त्या मानाने बरा होता.

प्ले, म्हणजे सांध्यातला ढिलेपणा, तपासायची पद्धत सोपी आहे, पण घाईने केली तर फसवते. गाडी डबल स्टँडवर घेऊन नुसतं चाक हलवलं, तर चाकाचं बेअरिंग खराब की बुश खराब हे कळत नाही. चाक काढा, दोन्ही शॉक खालून सोडवा, आणि चिमट्याचं मागचं टोक हातात धरून डावी-उजवीकडे हलवा. दोन बुशांमधलं अंतर कमी आणि ॲक्सल त्यांच्यापासून लांब, त्यामुळे बुशातला बारीकसा प्लेसुद्धा टोकाशी दुपटीच्या वर होऊन दिसतो. नंतर चिमटा वर-खाली करून सोडा. तो स्वतःच्या वजनाने सावकाश, न अडकता खाली आला पाहिजे. माझा धपकन पडत होता.

पिव्हटचा लांब बोल्ट, म्हणजे चिमटा ज्यावर फिरतो तो, हे पहिलं संकट. वर्षानुवर्षं ग्रीस न मिळालेला बोल्ट नळीत गंजून बसतो. रस्ट रिमूव्हर मारून रात्रभर ठेवा, दुसऱ्या दिवशी पुन्हा मारा, आणि पितळी ड्रिफ्टने (मध्ये धरायच्या दांड्याने) ठोका. लोखंडी हातोडा थेट बोल्टच्या तोंडावर मारला की आटे चपटे होतात, आणि मग तो बोल्ट कापूनच काढावा लागतो.

माझ्या जुन्या नळीवर, बुश बसतात त्या दोन्ही जागी, नखाला लागेल अशी पायरी पडली होती. मी ती आणि चिमटा घेऊन कोल्हापूरच्या उद्यमनगरात गेलो. आमचे टर्नरमामा आयुष्यभर लेथवर उभे राहिलेले. त्यांनी नळी नुसती बोटांत फिरवून पाहिली आणि म्हणाले, “नळी हीच घालणार असलास तर बुश कशाला करतोयस? पैसे पाण्यात जातील.” त्यांचं खरं आहे. नवा बुश जुन्या नळीवर बसवला, तर तो पायरीच्या उंच भागावर घट्ट आणि खोलगट भागावर सैल बसतो. मग नवा बुशही त्याच आकाराने झिजतो.

धातूबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे बरीच गल्लत होते. फॉस्फर ब्राँझ कडक असतं, त्याला नळीही तितकीच कडक लागते आणि वंगण वेळच्या वेळी लागतं. शिसं असलेलं गनमेटल (तांबं ८५ टक्के, बाकी कथील, शिसं आणि जस्त प्रत्येकी ५) थोडं मऊ असतं, पण ग्रीस कमी पडलं तर आतलं शिसं वेळ मारून नेतं. पावसात फिरणाऱ्या, पाण्याच्या जेटने धुतल्या जाणाऱ्या गाडीला मी गनमेटलच घालेन. घेताना रंग बघा. गनमेटलला लालसर झाक असते. पिवळंधमक दिसलं तर ते साधं पितळ आहे. नळी ईएन-३५३ या पोलादाची करून शिरोली एमआयडीसीत केस हार्डनिंग (फक्त वरचा थर कडक करणं) करवून घेतली आणि नंतर बाहेरून ग्राइंडिंग. एवढ्याशा नळीला इतका खटाटोप कशाला, असं काहींना वाटेल. मला तरी सगळ्यात जास्त समाधान त्या नळीनेच दिलं.

बसवण्यातल्या दोन गोष्टी मनावर घ्या. बुश चिमट्यात दाबून बसतो, त्यासाठी बाहेरचा व्यास चिमट्याच्या बोअरपेक्षा (भोकापेक्षा) ०.०४ ते ०.०५ मिमी मोठा ठेवला होता. दाबल्यावर बुशाचं आतलं बोअर जवळपास तेवढंच आवळतं. म्हणून आतून आधीच फायनल माप करून आणू नका. थोडं कमी ठेवा, दोन्ही बुश दाबा, आणि मग लांब रीमर (भोक नेमक्या मापाला आणणारं हत्यार) एकाच वेळी दोन्हींतून फिरवा, म्हणजे दोघांचा अक्ष एक राहतो. दुसरी गोष्ट नळीची लांबी. ती चिमट्याच्या रुंदीपेक्षा किंचित जास्त हवी, माझी ०.१५ मिमी जास्त आहे. नट आवळला की फ्रेमने नळीला पकडायचं असतं, चिमट्याला नव्हे. नळी आखूड पडली तर चिमटाच जाम होतो आणि मागचं सस्पेन्शन दगडासारखं वाटायला लागतं. कित्येक मेकॅनिक यावर उपाय म्हणून नट ढिला ठेवतात. ते धोक्याचं आहे.

रस्त्यावर पहिला फरक वेगात जाणवला नाही, गिअर बदलताना जाणवला. ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दिला की मागून जो ‘टक’ असा धक्का यायचा, तो गेला. निपाणीच्या पुढे तवंदी घाटाच्या उतरणीला गाडी एकदा वळणात झुकवली की तिथेच राहते, मध्ये हँडल सावरावं लागत नाही. चेन पहिल्यापेक्षा एकसारखी ताणलेली राहते. पण बुशांनी सगळं सुटेल असं समजू नका. इथे विकलेल्या गाडीला पुढे डिस्कऐवजी ड्रम आहे, ती ब्रेकची रड तशीच आहे. रिपेअर केलेले जुने शॉक खड्ड्यात अजूनही दणके देतात.

पावसाळ्याने खरी परीक्षा घेतली. जुलैमध्ये गगनबावड्याहून आल्यावर ग्रीस गन लावली, तर आधी तपकिरी, पाणी मिसळलेलं ग्रीस बाहेर आलं. प्लास्टिकच्या बुशाने हे मुकाट सहन केलं असतं. गनमेटल करकर करून सांगतं. भर पावसात भिजून आलं की ग्रीस भरायचं, स्वच्छ ग्रीस कडेने दिसेपर्यंत, हा नियम मी पाळला. दसऱ्याआधी मुद्दाम चिमटा पुन्हा उतरवला. बुश आतून आरशासारखे चकचकीत, नळीवर नखाला काही लागत नाही, मायक्रोमीटरवरही फरक सापडला नाही. फक्त डाव्या वॉशरखाली, नळीच्या टोकाला गंजाची बारीक रिंग होती. तिथे आता ओ-रिंग घातली आहे.

ज्यांची गाडी महिन्यातून एखाद्या रविवारी बाहेर निघते, त्यांना इतकं करायची गरज नाही. चांगल्या मापाचा तयार प्लास्टिक सेट आणि नवी नळी पुरेशी होईल. लेथवर नायलॉनचे बुश मात्र करून घेऊ नका, नायलॉन पाणी शोषून फुगतं आणि पावसात चिमटा आवळतो. प्लास्टिकच हवं असेल तर डेलरिन मागा. त्यात पाणी फारच कमी मुरतं.

मला माझे सगळे मिळून अडीच हजारांच्या आत पडले, त्यात निम्म्याहून जास्त नळीचे. बुशांची मापं कुणी विचारली तर मी देत नाही. इतक्या वर्षांत प्रत्येक चिमट्याचं बोअर वेगळं झालेलं असतं, कुणी आधी बुश ठोकून काढलेले असतात, कुणी वेल्डिंग केलेलं असतं. चिमटाच टर्नरकडे न्या, बोअर दोन्ही बाजूंनी, आडवं आणि उभं असं मोजून घ्या, आणि त्यावरून बुश करा.