मधला 'व' आणि अकरा महिन्यांची वर्गणी

वर्गणीची मुदत आपोआप वाढवली जाईल, अशी सूचना परवा आली, म्हणून हे लिहायला बसले. जुन्या नोंदी शोधून देणारी ही सशुल्क साइट मी अकरा महिने वापरली, ती फक्त पणजोबांचा माग काढायला. साइटचं नाव देत नाही. वंशवृक्ष कसा भरायचा, डीएनए चाचणी कशी जोडायची हे सगळ्यांना माहीत आहे, त्यात शिरत नाही. मला बोलायचंय ते शोधपानावरच्या एका छोट्या चौकटीबद्दल: 'सारख्या उच्चाराची आडनावंही दाखवा'.

तिथे टिक केली की स्पेलिंगची काळजी मिटली, असं मी धरून चालले. पाच महिने त्याच भरवशावर शोधलं आणि दर वेळी 'शून्य नोंदी' वाचून लॅपटॉप बंद केला. एकदा तर वाटलं, घरात सांगतात ती माहितीच चुकीची असणार.

आमचं आडनाव उघड करायचं नाही असं घरी ठरलंय, म्हणून उदाहरणाला सावंत घेऊ. अडचण हुबेहूब तीच आहे, मधला 'व'. रोमन लिपीत कुणी तो डब्ल्यूने लिहितो, कुणी व्हीने. आपल्या कानाला एकच आडनाव.

त्या चौकटीमागे साउंडेक्स आहे, हे मदतपानाच्या अगदी तळाशी सापडलं. रॉबर्ट रसेलने १९१८ मध्ये पेटंट घेतलेली पद्धत. आडनावाचं पहिलं अक्षर तसंच ठेवायचं, पुढच्या व्यंजनांना १ ते ६ मधले आकडे द्यायचे, तीन आकडे झाले की थांबायचं, कमी पडले तर शून्य जोडायचं. स्वर गळतात. एच, वाय आणि डब्ल्यू यांनाही आकडा नाही. व्हीला मात्र १ मिळतो. मी वही घेऊन सोडवून पाहिलं. डब्ल्यूवाला सावंत होतो एस-५३०. व्हीवाला सावंत होतो एस-१५३. दोघांची गाठच पडत नाही. आणि एस-५३० मध्ये आणखी कोण आहे? स्मिथ. आणि श्मिट. म्हणजे मी डब्ल्यूने शोधलं की यंत्र हजारो स्मिथ तपासायला तयार, पण सख्ख्या व्हीवाल्याला दारातही उभं करत नाही. हा शोध लागला त्या रात्री मला झोप लागली नाही. पाच महिन्यांच्या वर्गणीचे पैसे डोळ्यांसमोर येत होते.

पद्धतीला दोष देत नाही. ती इंग्रजी कानांसाठी घडली आणि तिथे तिने मोठं काम केलं. अमेरिकेत म्हातारपणी पेन्शन देणारा सोशल सिक्युरिटी कायदा १९३५ मध्ये आला, तेव्हा असंख्य लोकांकडे वयाचा पुरावा नव्हता. त्यासाठी १८८०ची जनगणना याच पद्धतीने कार्डांवर उतरवली गेली, तीही फक्त दहा वर्षांपर्यंतची मुलं असलेल्या घरांची. पण पुढे सुधारणा झाल्या आहेत ना. १९८५ मध्ये पूर्व युरोपातल्या ज्यू आडनावांसाठी डेच-मोकोटॉफ पद्धत निघाली. तिच्यात व्ही आणि डब्ल्यू दोघांनाही ७ हाच आकडा आहे, पहिल्या अक्षराचाही आकडाच होतो आणि एका नावाला गरजेप्रमाणे दोन-तीन संकेत देता येतात. त्याआधी, १९६५ मध्येच लेव्हेनश्टाइनने दोन शब्दांमधलं अंतर अक्षरांच्या बदलांनी मोजायची रीत दिली होती. दोन सावंतांमधलं अंतर १, सावंत ते स्मिथ ५. वर्षाची वर्गणी घेणाऱ्या साइटला यातलं काहीही जोडता आलं असतं.

कस्टमर केअरला तीनदा लिहिलं, दोन्ही संकेत मांडून. पहिली दोन उत्तरं शब्दशः सारखी, 'कृपया आडनावाचं स्पेलिंग तपासून पुन्हा प्रयत्न करा'. स्पेलिंग ठरलेलं असतं तर मी त्या चौकटीपाशी गेलेच नसते! तिसऱ्या वेळी एक महिना वर्गणी माफ करू म्हणाले, तीही पुढच्या वर्षाचे पैसे भरले तर. माझ्याकडून तेव्हा एकच तारा.

इथवरचं मी सहाव्या महिन्यात लिहून ठेवलं होतं. आता थोडं बदलावं लागतंय.

सातव्या महिन्यात आत्याशी बोलले. ती सहज म्हणाली, "अगं, आजोबा स्वतःच दोन तऱ्हेने सही करायचे. कारकून जसं लिहील तसं." खरं स्पेलिंग कोणतं, हा माझा प्रश्नच तिथे संपला. त्या दिवशी टिक काढून टाकली आणि आडनावात व्हीच्या जागी प्रश्नचिन्ह घातलं. प्रश्नचिन्ह म्हणजे कुठलंही एक अक्षर, तारांकन म्हणजे कितीही अक्षरं. दहा मिनिटांत दोन नोंदी मिळाल्या, एक डब्ल्यूची, एक व्हीची. ही सोय पहिल्या दिवसापासून होती. मदतपानावर ती साउंडेक्सच्याही खाली दिली आहे, हा राग वेगळा.

पण पणजोबांच्या लग्नाची नोंद, जिच्यात त्यांच्या वडिलांचं नाव मिळणार होतं, ती काही केल्या येईना. मग आडनावाचा रकानाच रिकामा ठेवला. पणजोबांचं नाव, पणजीचं नाव, वर्ष पाच मागे पाच पुढे. एकशे चाळीस नोंदी आल्या, एकेक उघडली. नाव-वर्ष जुळणारी एक निघाली, पण आडनाव एलने सुरू होणारं. साक्षीदार म्हणून सही करणारा माणूस आधीच्या नोंदीत शेजारी म्हणून होता, म्हणून मूळ पानाचं स्कॅन उघडलं. जुन्या वळणाचा मोठा एस, वरची गाठ लांबट, उतरवणाऱ्याने तो एल वाचला होता. पुढचं सगळं अक्षरन् अक्षर आमचं. स्क्रीनवर बोट ठेवून मी किती वेळ बसले होते, सांगता येणार नाही.

तेव्हा स्कॅनसाठी पूर्ण गुण. पान मोठं केलं तरी स्वच्छ दिसतं, मागचं-पुढचं पानही उलटता येतं, आणि शेजारी-साक्षीदार पकडायला तेच लागतं. दुरुस्ती सुचवली, ती चार महिन्यांनी का होईना, स्वीकारली गेली. आता त्या नोंदीवर दोन्ही वाचनं दिसतात. तीन तारे. चौथा त्या चौकटीने खाल्ला.

पैसे भरण्याआधी फॅमिलीसर्च या साइटवर बघून घ्या. ती मोफत आहे, फक्त खातं उघडावं लागतं, प्रश्नचिन्ह आणि तारांकन तिथेही चालतं. मी उलट्या क्रमाने गेले.

आपोआप नूतनीकरण बंद केलंय. अजून अकरा दिवस हातात आहेत, तेवढ्यात पणजीच्या माहेरचं आडनाव शोधतेय. त्यात 'व' अगदी सुरुवातीलाच आहे, त्यामुळे टिक काढूनच बसले आहे.